रावेरखेडीचा पाऊण तास

नर्मदा परिक्रमेच्या बसमध्ये टूर मॅनेजरला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शंभरदा सांगावी लागते. मैया ओलांडायची नाही. ओंकारेश्वरला संकल्प सोडला, कुपीत पाणी भरून घेतलं, की परिक्रमा पुरी होईस्तोवर नदीचं पात्र ओलांडणं बंद. म्हणून ओंकारेश्वरला जाऊनही बेटावरच्या ज्योतिर्लिंगाचं दर्शन तेव्हा होत नाही, अलीकडच्या काठावरच्या ममलेश्वराला हात जोडून निघायचं. दर वेळी कुणीतरी काका हळूच बाजूला घेऊन विचारतातच, "पुलावरून पटकन जाऊन आलो तर कुणाला कळणार आहे?" मी म्हणायचो, "मला नाही कळणार, पण काकू सोबत आहेत ना."

तिथून बस दक्षिण काठाने पश्चिमेकडे निघते. नदी उजव्या हाताला. सनावद, मग बेडिया, पुढे खरगोनचा रस्ता. त्या बेडियाच्या आसपास आत वळलं की नर्मदेच्या अगदी काठावर रावेरखेडी आहे. थोरले बाजीराव पेशवे 28 एप्रिल 1740 रोजी तिथे गेले. तिथे त्यांची समाधी आहे.

आमच्या कंपनीच्या छापील कार्यक्रमात हे नाव नव्हतं. ते मी घुसवलं. माझं आजोळ सिन्नरकडचं, डुबेऱ्याच्या शेजारचं. बाजीरावांचा जन्म डुबेऱ्याचा, 18 ऑगस्ट 1700, आईच्या माहेरी, बर्व्यांच्या वाड्यात. लहानपणी मामाच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसून त्या वाड्यावरून गेलो की मामा मान वळवून सांगायचा, "हितं बाजीराव जन्मला." याहून जास्त त्यालाही माहीत नव्हतं. पण माणूस जन्मला ते दार ज्याने रोज पाहिलं, त्याला तो गेला ती जागा रस्त्यालगत असताना बस तशीच पुढे न्यावीशी वाटत नाही. मालकांना सांगितलं. त्यांनी नकाशा बघितला, डिझेलचा हिशेब केला आणि म्हणाले, "पाऊण तास. त्याच्यावर एक मिनिट नाही. आणि जेवण बडवानीला उशिरा झालं तर शिव्या तू खायच्या."

ही 2009 सालची गोष्ट. तेव्हापासून, करोनाची दोन वर्षं सोडली तर, दर हंगामात दोन-तीन खेपा तरी मी तिथे थांबलो आहे.

पहिल्या खेपेलाच एक फजिती झाली. जळगावहून एक जोडपं आम्हाला वाटेत येऊन मिळणार होतं. फोनवर मी सांगितलं, "ओंकारेश्वरला नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी रावेरखेडीला या." त्यांनी ऐकलं रावेर. भुसावळच्या पुढे, केळीवालं रावेर. रेल्वेने जाऊन स्टेशनवर उतरले आणि तिथून फोन, "आम्ही आलोत, बाजीरावाची समाधी कोणत्या बाजूला?" स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याने त्यांना दोन वेगवेगळ्या मंदिरांपर्यंत फिरवूनही आणलं होतं. मग खंडव्याची गाडी, तिथून सनावद. संध्याकाळी खरगोनच्या लॉजवर ते आम्हाला मिळाले. समाधी पाहायची राहिलीच. काकू रागावल्या नाहीत, फक्त एवढंच म्हणाल्या, "बाजीरावाला एवढ्या लांब जायचं काय नडलं होतं?"

तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पुढे कळलं, की तिथे विचारण्यासारखा प्रश्न तोच होता.

त्या काळात माझं एक भाषण होतं. मी ते जिवापाड तयार केलं होतं. विसाव्या वर्षी पेशवाई, 1728 ला पालखेडला निजामाला तोफखान्यापासून तोडून पाण्यावाचून कोंडलं, पुढच्याच वर्षी बुंदेलखंडात छत्रसालाची सुटका, 1737 ला दिल्लीच्या दाराशी, मग भोपाळला पुन्हा निजाम. मधे माँटगोमेरी. दुसऱ्या महायुद्धातला इंग्रज सेनापती त्याच्या युद्धेतिहासात पालखेडच्या मोहिमेची वाखाणणी करतो, हे सांगितलं की बसमधले निवृत्त बँकवाले माना डोलवायचे. आपल्या माणसाला साहेबाचं शिफारसपत्र मिळालं की आपल्याला बरं वाटतं, हे मी धंद्यात लवकर शिकलो. लढायांच्या आकड्यावरून मात्र दर बसमध्ये वाद. कुणी 40 म्हणे, कुणी 41, आणि दोघांकडेही व्हॉट्सअ‍ॅपचा पुरावा. शेवटी मी आकडा सोडून दिला. "एकही हरला नाही" एवढ्यावर दोघेही खूश असत.

समाधीची जागा शांत आहे. दगडी भिंतीचं आवार, दरवाजा, आत मोकळं अंगण, मधोमध घडीव दगडाचा चौथरा. नानासाहेबांनी शिंद्यांकरवी ती बांधवून घेतली असं तिथे सांगतात. शनिवारवाड्यासमोरचा घोड्यावरचा पुतळा डोक्यात ठेवून आलेल्या माणसाला इथे काहीच नाही असं वाटतं. "एवढंच?" हा शब्द मी इतक्यांदा ऐकलाय की कोण म्हणणार हे बसमधून उतरतानाच ओळखू लागलो. पाठीमागे नर्मदा. उन्हाळ्यात पात्र आकसून खडक उघडे पडतात, पावसाळ्यानंतर गढूळ पाणी भरून वाहतं. पलीकडे उत्तर काठ. पुढे मंडलेश्वरजवळ महेश्वरच्या 400 मेगावॅटच्या प्रकल्पाचा बांध आहे, आणि त्याचं पाणी पूर्ण अडवलं तर ते इथवर चढेल ही चर्चा मी पहिल्या खेपेपासून ऐकत आलो. गावातले लोक ती भीती सांगताना समाधीचं नाव नंतर घेतात. आधी स्वतःची घरं, जमिनी, मग "और ये पेशवा सरकार की समाधी भी". मला तो क्रम बरोबर वाटतो.

2015 च्या डिसेंबरात सिनेमा आला आणि माझ्या भाषणाचे बारा वाजले. आधी निदान इनामदारांची 'राऊ' वाचलेली माणसं असायची, त्यांचे प्रश्न तरी मराठीत असायचे. आता दारातच विचारायला लागले, "मस्तानीची कुठाय?" मस्तानीची कबर इथे नाही, ती पुणे जिल्ह्यात पाबळला आहे, हे सांगितलं की लोकांचा चेहरा असा पडे की जणू मीच तिला तिकडे नेऊन ठेवलं. एका तरुण जोडप्याने तर "मग ह्याला काय अर्थ आहे" म्हणून बसमध्येच एसी लावून बसणं पसंत केलं. मला राग आला होता. आता येत नाही. दोन माणसं शेवटी एकमेकांपासून इतकी लांब पडली, हे त्यांना खटकलं. खटकण्यासारखंच आहे ते.

दुसरा वैरी म्हणजे मिरची. बेडियाचा मिरचीबाजार मोठा नावाजलेला. हंगामात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल मिरची वाळत पसरलेली असते. नजर पोचेल तिथवर लाल. बसच्या खिडक्या बंद असल्या तरी पुढच्या सीटपासून शिंका सुरू होतात. आणि मग मागणी. "मॅनेजर, पाच मिनिटं. दोनच किलो." पस्तीस माणसं, दोन-दोन किलो. डिक्कीत बॅगा, आचाऱ्याची भगुली, शेगडी, सिलिंडर, त्यात मिरचीची पोती. एका खेपेला पोतं साखरेच्या डब्यावर उसवलं आणि दोन दिवस चहा पिताना सगळ्यांचे डोळे पाणावत होते. समाधीला वीस मिनिटं, मिरचीला चाळीस. मी एकदा माइकवरून हे बोलूनही दाखवलं. तर मागून एक आजी म्हणाल्या, "अरे, बाजीरावाला नैवेद्य नाही लागत. मला वर्षाचं तिखट लागतं."

खरी चूक माझ्याकडून झाली ती एप्रिलमध्ये. साल सांगत नाही, ते सर वाचतील तर त्यांना अवघडल्यासारखं होईल. एरवी आमच्या खेपा थंडीतल्या. त्या वर्षी एका गटाने सुट्टीतली खेप मागितली आणि कंपनीने हो म्हटलं. निमाडचा उन्हाळा तोवर मी ऐकूनच होतो. सकाळी साडेदहाला आम्ही पोचलो तेव्हाच हवा भाजत होती. मी सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या, आत नेलं, आणि चौथऱ्यासमोर उभं करून भाषण सुरू केलं. मला त्या दिवशी रंग चढला होता, गटात दोन इतिहासाचे प्राध्यापक होते. फरशीवर लोक एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. मला वाटलं, कंटाळले. मी आवाज वाढवला. पालखेड झालं, दिल्ली झाली, भोपाळच्या वाटेवर होतो, आणि तिसऱ्या रांगेतले एक निवृत्त शिक्षक शांतपणे खाली बसले. मग आडवे झाले.

पुढची दहा मिनिटं मला सलग आठवत नाहीत. गावातल्या बाया धावत आल्या हे आठवतं. कुणीतरी खाट आणून भिंतीच्या सावलीत टाकली. ओलं फडकं, तळपायांना कांद्याचा रस, कैरीचं पन्हं. एक म्हातारी मला ओरडली, "बाबाजी को लू लग गई, और तू खड़ा-खड़ा क्या देख रहा है?" मी फडकं घेऊन पाणी आणायला पळालो. परिक्रमावासी म्हणजे त्यांच्या लेखी मैयाचीच माणसं, माणसाला ते मूर्ती म्हणतात. थोड्या वेळाने तीच म्हातारी विचारू लागली, "कितनी मूर्ती हो? सबके लिए पन्हा बना दूँ?" पस्तीस मूर्ती. तिने खरोखरच केलं.

सर अर्ध्या तासात डोळे उघडून बोलू लागले. सनावदच्या डॉक्टरांनी नंतर तपासून काळजीचं कारण नाही म्हटलं. पण तो अर्धा तास त्यांच्या पत्नी खाटेशी बसून पदराने वारा घालत होत्या. मी बाजूला उभा, हातात रिकामा पेला. सरांचा श्वास ठीक झाला तसं त्यांनी चौथऱ्याकडे बघितलं आणि मला विचारलं, "ह्यांच्याजवळ तेव्हा कोण होतं हो?"

मला सांगता आलं नाही. इतकी वर्षं तिथे उभा राहून बोलत होतो. निजामाच्या तोफा कोणत्या काठाला अडकल्या ते माहीत होतं. मरताना त्या माणसाच्या उशाशी कोण बसलं होतं, ते माहीत नव्हतं. 28 एप्रिल ही तारीख मी पाठ म्हणत होतो, पण 28 एप्रिल म्हणजे ही अशी फरशी, हे ऊन, हे मला त्या दिवशी पायांना कळलं.

घरी आल्यावर वाचनालयातून सरदेसायांची 'मराठी रियासत' आणली. आधी चाळलेली होती, पण लढायांची पानं. आता उलटीकडून वाचली. त्या वर्षाच्या सुरुवातीला नासिरजंगाशी मुंगी पैठणला तह झाला, त्यात हंडिया आणि खरगोनची जहागीर मिळाली. ती ताब्यात घ्यायला बाजीराव इकडे आले होते. म्हणजे जळगावच्या काकूंचं उत्तर हे होतं. दिल्ली नाही, निजाम नाही. मिळालेल्या मुलखाचा बंदोबस्त, कागद, वसुली. तिकडे पुण्यात मस्तानी नजरकैदेत. चिमाजीअप्पा आणि थोरला मुलगा नानासाहेब कोकणात आंग्र्यांच्या भांडणात गुंतलेले. इथे ताप आला, आणि थोड्याच दिवसांत सगळं आटोपलं. वय 39. आणि जवळ? काशीबाई होत्या. सोबत धाकटा जनार्दन, अगदी लहान.

चासकर जोशांची ही लेक. चासचं सोमेश्वराचं देऊळ तिने बांधलं, एवढंच तिच्याबद्दल मला ठाऊक होतं. सिनेमाने तिला नाचवलं, आणि मी तर माझ्या भाषणात तिचं नावही घेत नव्हतो.

मी सरांच्या घरी फोन केला. काकूंनीच उचलला. म्हटलं, "काकू, काशीबाई होत्या." त्या पलीकडून एवढंच म्हणाल्या, "हं. मला वाटलंच." मग सरांचं ब्लडप्रेशर, गोळ्या, नातू.

तेव्हापासून भाषण गेलं. आता मी चपला काढायच्या की नाही ते फरशीला हात लावून ठरवतो. सगळ्यांना भिंतीच्या सावलीत बसवतो आणि पाच-सात मिनिटं बोलतो. डुबेरं सांगतो, तो ज्वारीचा हुरडा सांगतो. निजामाने म्हणे चित्रकार पाठवला, बाजीराव दिसेल तसा काढून आण म्हणून, आणि त्याने काय काढलं, तर घोड्यावर बसून, लगाम सैल सोडून, तळहातावर कणसं चोळत दाणे तोंडात टाकत चाललेला माणूस. कर्ज सांगतो. ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रात या अजिंक्य माणसाने लिहिलंय की सावकारांच्या पाया पडून पडून कपाळाची कातडी झिजली. हे ऐकताना बसमधले हप्तेवाले तरुण पहिल्यांदा माझ्याकडे मान वर करून बघतात. मग उन्हाळा, ताप, काशीबाई. संपलं. उरलेला वेळ ज्याचा त्याचा. कुणी चौथऱ्याला डोकं टेकतं, कुणी फोटो काढतं, कुणी काठावर जाऊन पाण्यात पाय सोडून बसतं.

सगळ्यांना हे आवडतं असं नाही. गेल्या हंगामात अभिप्रायाच्या फॉर्मवर एका गृहस्थांनी ठळक अक्षरांत लिहिलं, "मॅनेजरांना बाजीरावांच्या पराक्रमाची पुरेशी माहिती नाही. एकाही लढाईचा नकाशा दाखवला नाही." ऑफिसमधून विचारणा झाली. मी म्हटलं, गृहस्थांचं बरोबर आहे. नकाशा आता मोबाइलवर ठेवलाय, मागेल त्याला दाखवतो.

या फेब्रुवारीतली गोष्ट सांगून थांबतो. पाऊण तास झाला, ड्रायव्हरने हॉर्न दिला, मी दारात उभा राहून डोकी मोजली. पस्तीस पॅसेंजर, हेल्पर, ड्रायव्हर. आचारी नाही. आमचा आचारी येवल्याकडचा, माझ्याबरोबर दहा वर्षं आहे. कुठेही बस थांबली की हा डिक्की उघडून शेगडी काढतो, चहा टाकतो, भाजी चिरायला बसतो. त्या दिवशी बेडियात चहा आधीच झाला होता म्हणून त्याच्या हाताला काम नव्हतं. शोधत आत गेलो तर हा अंगणात एकटा उभा, टोपी हातात.

"साहेब, इथं काय आहे हो?"

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिलो. दहा वर्षांत कितीएक बशी भरून माणसांना सांगितलं असेल. याला सांगायचं सुचलंच नव्हतं. बाहेर हॉर्न वाजत होता. मी त्याच्या शेजारी सावलीत बसलो आणि सांगितलं. डुबेरं म्हटल्यावर तो हसला, "आपल्याकडचंच की." फौजेचं ऐकल्यावर त्याचा चेहरा धंद्याचा झाला.

"एवढ्या लोकांना शिजवत कोण होतं?"

"ही फौज हलकी धावायची," मी म्हटलं. "मागे मोठा लवाजमा नको म्हणून. ज्याचं त्याने, मिळेल तिथे. म्हणून तर तो हुरडा."

तो जरा वेळ चौथऱ्याकडे बघत राहिला. मग टोपी डोक्यावर घालत म्हणाला, "लढाईत चालतं ते. पण ताप आला तेव्हा? तेव्हा पेज तरी पाहिजे ना साहेब. मऊ, मीठ घालून, तुपाचा थेंब." आणि उठून बसकडे निघाला. "बाईंनी केली असेल," तो जाता जाता म्हणाला. "चुलीवर. ह्या उन्हात."